बुटाच्या खोक्यावर लेदरचा प्रकार लिहायला लावा

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

लग्नसराई आली की जळगाव असो, धुळे असो का नंदुरबार, बुटांच्या दुकानांवर 'शुद्ध लेदर', 'ओरिजनल लेदर' असे बोर्ड लागतात, माणसं दोन-अडीच हजार मोजून बूट घेऊन जातात आणि दुकानदाराला विचारलं की भाऊ हे लेदर नेमकं कोणतं, तर उत्तर ठरलेलं, 'साहेब एकदम ओरिजनल, बिनधास्त घ्या'. आपला शेतकरी खताची गोणी घेताना नत्र किती, स्फुरद किती, पालाश किती हे गोणीवर वाचून घेतो, पण बुटाच्या खोक्यावर नंबर आणि किंमत सोडून वाचण्यासारखं काही नसतंच. मी बरीच वर्षं चपला-बुटांच्या होलसेल लाइनमध्ये कामाला होतो, आग्रा-कानपूरचा माल हाताखालून गेलाय, म्हणून हे पत्र लिहितोय. थोडं लांबलं तरी कृपा करून छापा, कारण तुमचा पेपर जिथं जातो तिथं वर्षातून एकदाच बूट घेणारी माणसं राहतात आणि त्यांचाच पैसा यात जास्त जातो.

आधी मुळातली गोष्ट. चामडं म्हणजे एकच एक वस्तू नाही. म्हशीचं कातडं चांगलं चार-पाच मिलिमीटर किंवा त्याहून जाड भरतं, आणि बुटाच्या वरच्या भागाला, ज्याला आमच्या लाइनमध्ये अप्पर म्हणतात, त्याला दीड-दोन मिलिमीटर पुरतं. मग कारखान्यात मशीनच्या लांब पट्टीसारख्या ब्लेडवर ते कातडं आडवं चिरतात, एकाचे दोन थर होतात, जाड असलं तर तीनही. केसांच्या बाजूचा वरचा थर सगळ्यात मजबूत, कारण तिथं कोलॅजनचे, म्हणजे कातड्यातल्या प्रथिनाचे, तंतू एकमेकांत घट्ट गुंतलेले असतात, खाली मांसाच्या बाजूला जाल तसे ते सैल होत जातात. आता दुकानात जे काही 'लेदर' म्हणून मिळतं ते यातल्या कुठल्या थराचं आहे आणि त्या थरावर काय केलंय, सगळा खेळ एवढ्यावर आहे.

वरचा थर जसाच्या तसा ठेवला, घासला नाही, तर त्याला फुल ग्रेन म्हणतात. यात केसांची बारीक छिद्रं दिसतात, कुठं डासाच्या-गोचिडाच्या चाव्याचा डाग असतो, कुठं काट्याने ओरखडलेलं असतं, आणि गिऱ्हाईक नेमकं हेच बघून 'डागी माल आहे' म्हणून बाजूला ठेवतं, खरं तर सगळ्यात जास्त टिकणारं आणि पायाची वाफ बाहेर सोडणारं लेदर तेच. याच थराला वरून सँडपेपरने घासून डाग काढले, त्यावर रंगाचा थर मारला आणि गरम प्लेटने दाबून खोटी छिद्रं उठवली की ते करेक्टेड ग्रेन झालं. आपल्याकडं म्हशीचं चामडं जास्त वापरात आणि म्हशीची छिद्रं मोठी, पोत खरखरीत, म्हणून हे प्रकरण आपल्या बाजारात भरपूर दिसतं. यात फसवणूक काही नाही, चांगला माल असतो, ऑफिसला रोज घालायला उत्तम, फक्त त्याला फुल ग्रेनचा भाव देऊ नका.

खरी गडबड खालच्या थरात आहे, ज्याला स्प्लिट म्हणतात. हा सैल, तंतूळ, कमजोर थर. त्याला घासून मऊ लव आणली की त्याचं स्वेड होतं आणि स्वेड म्हणून विकलं तर कुणाचीच तक्रार नाही. पण त्याच स्प्लिटवर पॉलियुरेथेनची म्हणजे पीयूची गुळगुळीत फिल्म चिकटवतात, वर छापा उठवतात आणि मग ते दिसायला वरच्या थरापेक्षा पण सुंदर दिसतं, एक डाग नाही, एक रेष नाही. त्याच्या मागे बोट फिरवलं तर चामड्याचे तंतू लागतात, म्हणजे 'आतून बघा साहेब, चामडंच आहे' हे दुकानदाराचं म्हणणं खरंच असतं. तळव्यावर 'जेन्युइन लेदर'चा शिक्का पण असतो, आणि तो शिक्का एवढंच सांगतो की यात जनावराचं चामडं आहे, कितवा थर, वर प्लास्टिक किती, याबद्दल तो एक अक्षर सांगत नाही.

आमच्या भाच्याने साखरपुड्यासाठी असेच बूट घेतले होते, दुकानाचं नाव लिहीत नाही, कारण तसे बूट सगळेच विकतात. पावसाळा गेला आणि जिथं बोटं वाकतात तिथं, अंगठ्याच्या मागे, आडवी चीर पडली, मग पापुद्रा सुटायला लागला. दुकानदार म्हणे पॉलिश नाही केली म्हणून झालं. मी ते बूट आमच्या बसस्टँडजवळच्या गटई कामगाराकडे घेऊन गेलो. त्याने रापीच्या टोकाने चिरेजवळून पापुद्रा उचलला, चिमटीत धरून हळूच ओढला आणि बोटभर रुंदीची पट्टी अख्खी निघून हातात आली, काळी, पातळ, ताणली की लांब होणारी, आणि खाली राखाडी रंगाची भुसभुशीत लव. तो म्हणाला, 'भाऊ, हाई वरनं पलाष्टिक शे, चामडं खाले शे, याले पॉलिश काय करसी?' खरंच आहे, पॉलिशचं मेण चामड्यात मुरायला चामड्याचं तोंड उघडं पाहिजे ना. तो माणूस रस्त्याच्या कडेला छत्रीखाली बसतो पण लेदरची त्याची पारख शोरूममधल्या कुठल्याही सेल्समनपेक्षा पक्की आहे, आणि बूट घेण्याआधी अशा माणसाला दाखवायची पद्धत आपल्याकडं पडली तर फार बरं होईल.

दर्जात या लेप दिलेल्या स्प्लिटच्याही खाली बाँडेड लेदर. कारखान्यात कापाकापी करून उरलेले तुकडे दळून त्याचा चुरा करतात, त्यात चिकटवणारं रसायन घालून शीट ओततात, वर पीयू. बेल्टमध्ये, पाकिटात आणि बुटाच्या आतल्या सोलमध्ये हे जास्त सापडतं. बेल्ट घेतल्यावर सहा महिन्यांत भोकापाशी तुटतो तो याच्यामुळे.

आता कमावण्याबद्दल, कारण नुसता थर बघून भागत नाही. कच्चं कातडं कुजतं, त्याला कमावलं की मग ते चामडं. आपल्या जुन्या माणसांना हे सगळं माहीत होतं, विहिरीवर चामड्याची मोट चालायची, ती फाटली की शिवून घ्यायचे, तेल पाजायचे. तेव्हाचं कमावणं म्हणजे बाभळीची साल आणि हिरडा. या दोन्हींत टॅनिन असतं, ते कातड्याच्या तंतूंना धरून बसतं आणि कातडं कुजायचं थांबतं. याला आठवडेच्या आठवडे लागतात, चामडं तपकिरी होतं, कडक आणि जाडजूड राहतं, म्हणून सोलला, बेल्टला, खोगिराला उत्तम. कोल्हापुरी चप्पल याच पद्धतीच्या चामड्याची, तिला 2019 साली जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, आणि ते मानांकन महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार अशा आठ जिल्ह्यांना मिळून आहे, म्हणजे आपल्या जत्रेत 'कोल्हापुरी' म्हणून जे रेग्झिनचं विकतात त्याचा त्याच्याशी काही संबंध नाही. ज्यांना खरं वनस्पतीने कमावलेलं चामडं हातात घेऊन बघायचंय त्यांनी दत्त जयंतीला सारंगखेड्याच्या घोडेबाजारात जावं, तिथं खोगीर आणि लगामाच्या दुकानात चांगल्या लगामाची पट्टी मागून घ्या, तिची कापलेली कड बघा, आरपार एकच तपकिरी रंग, वास घ्या, वाकवून बघा, एकदा ते हाताला कळलं की मग कुणी फसवू शकत नाही.

दुसरी पद्धत क्रोमची. यात क्रोमियमचं मीठ वापरतात, काम एक-दोन दिवसात उरकतं, चामडं मऊ राहतं, उष्णता जास्त सहन करतं, भिजलं तरी लवकर बिघडत नाही. जगातलं बहुतेक चामडं आता असंच कमावतात. कमावून बाहेर काढलं की त्याचा रंग फिकट निळा असतो म्हणून व्यापारात त्याला वेट ब्लू म्हणतात, आणि बऱ्याच वेळा तयार बुटाच्या कापलेल्या कडेला मधोमध ती निळसर-राखाडी रेघ दिसते, नीट निरखा, दिसेल. क्रोम म्हटलं की लोक घाबरतात, पण चामड्यात असतं ते क्रोमियम तीन, घातक असतं ते क्रोमियम सहा, कमावताना किंवा नंतर नीट काळजी घेतली नाही तर पहिल्याचं दुसरं होऊ शकतं, आणि म्हणूनच युरोपात 2015 पासून किलोमागे 3 मिलिग्रॅमच्या वर क्रोमियम सहा असलेला, अंगाला लागणारा चामड्याचा माल विकायला बंदी आहे. आणि कारखान्याचं सांडपाणी साफ न करता नदीत सोडणं हा तर वेगळाच आणि फार मोठा प्रश्न आहे, त्यावर कुणी जाणकाराने जरूर लिहावं.

जनावराप्रमाणे पण फरक पडतो. म्हशीचं जाड आणि दणकट, कामाच्या बुटाला. गाई-बैलाचं त्याहून बारीक पोताचं. वासराचं अजून गुळगुळीत, महागाच्या फॉर्मल बुटात येतं. बकरीचं पातळ पण चिवट, लेडीज चपलांना आणि अस्तराला छान. मेंढीचं मऊसूत पण सैल, ते जाकिटाला ठीक, रोजच्या बुटाला नको. आणि एकाच कातड्यात पाठीचा भाग घट्ट, पोटाचा भाग ढिला असतो, चांगला कारागीर बुटाचा पुढचा भाग पाठीतून कापतो आणि जीभ वगैरे पोटातून. स्वस्तात बनवणारा कुठूनही कापतो, मग एका पायातला बूट सहा महिन्यांनी ढगळ होतो आणि दुसरा नाही. नूबक म्हणून एक प्रकार मिळतो, तो स्वेडसारखा दिसतो पण वरच्या थराला घासून केलेला असतो त्यामुळे जास्त टिकतो. दोन्हींना मेणाची पॉलिश चालत नाही, ब्रश फक्त, आणि आपल्या काळ्या मातीत हे घालून शेतात जाऊ नये, चिखल लागलाच तर पूर्ण वाळू द्या आणि मग झटका. पेटंट लेदर म्हणजे ते आरशासारखं चमकणारं, त्याच्यावर प्लास्टिकचा जाड थर असतोच, नवरदेवाच्या शेरवानीखाली जे चमकतं ते बहुतेक वेळा चामडं पण नसतं.

मग राहिलं पीयू आणि रेग्झिन. रेग्झिन म्हणजे कापडावर पीव्हीसी, पीयू म्हणजे कापडावर पॉलियुरेथेन. हल्ली याच पीयूला 'व्हेगन लेदर' म्हणून भाव वाढवून विकतात. ज्यांना जनावराचं चामडं नको त्यांनी जरूर घ्यावं, त्यात वाईट काही नाही, फक्त काय घेतोय ते माहीत पाहिजे. (केळीच्या खोडाच्या धाग्यापासून चामड्यासारखं मटेरियल बनवायचं काम आपल्या देशात सुरू आहे, रावेर-यावलमध्ये घड कापल्यावर जी खोडं बांधावर पडून कुजतात त्यांचा असा उपयोग झाला तर मला मनापासून आनंद होईल.) पण खान्देशात मे महिन्यात पारा 45 च्या पुढं जातो, भुसावळचं तर विचारूच नका, आणि त्या उन्हात पीयू-रेग्झिनच्या बंद बुटात पाय अक्षरशः उकडतो, घाम बाहेर पडायला जागाच नाही, बोटांच्या बेचक्यात खाज आणि बुरशी. शाळेतल्या पोरांचे काळे बूट बहुतेक असेच असतात, आणि दिवसभर पोरगं ते घालून बसतं. तिथं कापडी कॅनव्हासचे बूट त्यापेक्षा कितीतरी चांगले, शाळांनी याचा विचार करावा ही हात जोडून विनंती.

सोलचं पण सांगतो. पीयूचा सोल हलका आणि मऊ असतो म्हणून चालायला आवडतो, पण हवेतला ओलावा आणि उष्णता त्याला आतून तोडत जाते, बूट न वापरता खोक्यात ठेवला तरी. लग्नात घातलेला बूट चार-पाच वर्षांनी काढावा आणि दोन पावलं टाकताच सोलचा भुगा व्हावा हे कितीतरी घरात झालंय, लोक म्हणतात उंदराने कुरतडला, उंदराचा काही दोष नाही. ठेवणीतल्या बुटाला रबराचा किंवा टीपीआरचा (थर्मोप्लास्टिक रबराचा) सोल बघा, आणि बूट अधूनमधून घाला.

सगळ्यात जास्त काळजी मला सेफ्टी शूजची वाटते. जळगाव एमआयडीसीत, दीपनगरच्या वीज केंद्रात, वर्कशॉपमध्ये हजारो माणसं रोज ते घालतात. तिथं लेदर हा मिरवायचा विषय नाही. वेल्डिंगची ठिणगी खऱ्या चामड्यावर पडली तर ते करपतं, पीयू-रेग्झिनवर पडली तर ते वितळतं आणि कातडीला चिकटतं. खोक्यावर 'बफ बार्टन' असं लिहिलेलं दिसलं तर ते म्हशीचं छापा मारलेलं लेदर असतं, चांगलं असतं. पण त्यासोबत आयएस 15298 हा नंबर आणि आयएसआयचा मार्क बघा, या मानकाच्या भाग 2 मध्ये पुढच्या टोपीने 200 ज्युलचा मार सहन केला पाहिजे असं आहे. ठेकेदार फूटपाथवरून आणून देतो ते बूट घेऊ नका, सरळ नाही म्हणा, पाय तुमचा आहे.

दुकानात तपासायचं कसं ते पण लिहितो. आतली जीभ उलटी करा, तिथं कापलेली उघडी कड सापडते, तंतू दिसले तर चामडं, कापडाची जाळी दिसली तर पीयू किंवा रेग्झिन. मग त्याच कडेवर वरची बाजू बघा, रंगाची वेगळी फिल्म नखाने जाणवते का. अंगठ्याने वरून दाबा, चांगल्या लेदरवर अंगठ्याभोवती बारीक सुरकुत्या पसरतात आणि सोडलं की जातात, प्लास्टिकवर नुसता खड्डा पडतो. छिद्रं सगळीकडं एकसारखी ओळीत असतील तर छापा आहे. वासावर जाऊ नका, चामड्याच्या वासाचे स्प्रे मिळतात. आणि काडी लावून बघायचा जो उपाय मोबाईलवर फिरतो तो करू नका, दुकानदाराचा माल जळतो आणि फिल्म मारलेल्या स्प्लिटमध्ये त्यातून काही कळत पण नाही.

घरी आणल्यावर एवढंच, की पावसात भिजले तर उन्हात किंवा चुलीजवळ ठेवू नका, आत रद्दी कोंबून सावलीत वाळवा, आणि उन्हाळ्यात लेदर कोरडं पडून तडकतं तेव्हा क्रीम लावा. वहाणांना एरंडेल लावायची जुनी रीत चांगलीच होती, साध्या तपकिरी चामड्याला आजही चालते, फॉर्मल बुटाला नको.

आता माझं मागणं. युरोपात 1994 च्या नियमाने प्रत्येक बुटावर अप्पर, अस्तर आणि सोल कशाचं आहे ते चित्राने किंवा शब्दांत दाखवावं लागतं, पसरलेल्या कातड्याचं चित्र म्हणजे लेदर, त्यातच पत्त्यातल्या चौकटसारखा बारका चौकोन असेल तर वर प्लास्टिकचा लेप असलेलं लेदर, विणीचं चित्र म्हणजे कापड, नुसता तसा चौकोन म्हणजे इतर काही, आणि त्या भागात ते मटेरियल किमान 80 टक्के असलं पाहिजे. चित्र असलं की ज्याला वाचता येत नाही त्याला पण कळतं. आग्र्याहून तिकडे जाणाऱ्या जोड्यांवर हे स्टिकर लागतात, म्हणजे आपल्या कारखान्यांना ते जमतं, मग त्याच कारखान्याचा जोडा चोपड्यात किंवा शहाद्यात विकायला आला की ते स्टिकर का नसावं? आपल्याकडं 1 ऑगस्ट 2024 पासून चपला-बुटांच्या दर्जाचे नियम लागू झालेत, लहान उत्पादकांना सूट आहे आणि ती असावी पण, गरीब कारागिराला कागदपत्रांत अडकवू नये असंच माझं मत आहे. पण दर्जा वेगळा आणि माहिती वेगळी. फुल ग्रेन, करेक्टेड, लेप दिलेलं स्प्लिट, बाँडेड का पीयू, हे पाच शब्द मराठीत खोक्यावर छापायला फार खर्च येत नाही.

तोवर आपल्या जिल्ह्यातल्या व्यापारी संघटनांनी निदान बिलावर लेदरचा प्रकार लिहायची सुरुवात करावी, जो दुकानदार लिहून देईल त्याच्याकडं गिऱ्हाईक आपोआप जाईल. आणि वाचकांनी पक्कं बिल घेतल्याशिवाय दुकानातून निघू नये, 'प्युअर लेदर' म्हणून सांगितलं असेल तर तेच शब्द बिलावर लिहून मागा. नंतर पापुद्रा निघाला तर 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली तक्रार करता येते, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर 1915 आहे, आणि तिथं पहिला प्रश्न बिलाचाच विचारतात.

आपला,
एक जुना वाचक
अमळनेर, जि. जळगाव